अवंतीचा मातीचा तट, सुदर्शन तलाव आणि आमची खाजने

उज्जयिनीचे नाव उच्चारताच आपल्या समाजातील भाविकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो महाकालेश्वर. मोक्षदायिनी सप्तपुरींतील ही अवंतिका, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे हे स्थान, गुरू सिंह राशीत आला म्हणजे क्षिप्रेच्या घाटावर लोटणारा जनसमुदाय, या सर्वांचे वर्णन वाचकांनी अनेकवार ऐकले असेल. गोमंतकीय वाचकांस तर या नगरीविषयी जिव्हाळ्याचे आणखी एक कारण आहे. इ.स. १२३५ च्या सुमारास अल्तमशच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेले महाकालाचे देवालय अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या हातून. याच रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या सूचनेवरून पेशव्यांनी इ.स. १७३९ मध्ये मंगेशी हा गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास दिला. क्षिप्राकाठचा महाकाल आणि अंत्रुज महालातील मंगेश एकाच पुरुषाच्या भक्तीने असे जोडले गेले आहेत.

तथापि आज आम्ही लिहिणार आहोत ते शिखराविषयी नव्हे, मातीविषयी. देवालये बांधणाऱ्यांची नावे शिलांवर आणि लोकांच्या तोंडी राहतात. परंतु ज्या मातीच्या बांधांनी नगरे आणि शेते पुरापासून राखली, त्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. उज्जयिनीच्या इतिहासात मात्र अशा बांधांची दोन ठळक प्रकरणे सापडतात, आणि ती वाचताना आपल्या खाजनांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पहिले प्रकरण खुद्द उज्जयिनीचेच. आजच्या शहराच्या उत्तरेस गढकालिकेचे देवस्थान आहे. त्या परिसरातील उंचवट्यांखाली प्राचीन उज्जयिनी दडलेली आहे. इ.स. १९५६ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले, तेव्हा नगराभोवतीचा जो तट उजेडात आला तो दगडाचा नव्हता, विटांचाही नव्हता. तो मातीचा होता. पायथ्याशी त्याची रुंदी सुमारे ७५ मीटर भरली आणि शिल्लक राहिलेली उंची सुमारे १४ मीटर. बुद्धपूर्वकाळात किंवा त्याच्या आसपास, चंडप्रद्योताच्या अवंतीचा उदय होत असताना, हे काम झाले असावे असे उत्खननावरून दिसते. तटाच्या पश्चिमेस क्षिप्रा वाहत होती व इतर बाजूंस खंदक होता.

शत्रूच्या हत्तीघोड्यांसाठी एवढा रुंद तट लागतो काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर बहुतांशी नदीने दिले आहे. पुराच्या पाण्याने तटाला धक्के दिल्याच्या, काही भाग ढासळल्याच्या व तो पुन्हा भरून काढल्याच्या खुणा नदीकडील बाजूस आढळल्या. प्रवाहाचा मारा जेथे अधिक, तेथे लाकडी तुळया आडव्याउभ्या रचून व त्यांत माती ठासून भरून तटास आधार दिलेला होता. म्हणजे ज्यास आपण किल्ल्याचा तट म्हणतो तो वस्तुतः नगराचा बांधही होता. परचक्र पिढीतून एकदा येते, परंतु क्षिप्रेचा पूर वर्षास एकदा यायचा. ज्यांनी हा तट राखला त्यांचे खरे युद्ध पाण्याशी चालले होते.

मातीच्या बांधाचा स्वभाव येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. दगडी भिंत आपल्या कठीणपणावर उभी राहते, मातीचा बांध आपल्या वजनावर आणि उतारावर. माती सैल टाकून भागत नाही. ती थराथराने पसरावी लागते, भिजवून चोपावी लागते, दोन्ही अंगांस पुरेसा उतार द्यावा लागतो आणि त्यावर गवताचे आच्छादन राखावे लागते. अशा बांधाचे मरण तीन वाटांनी येते. पाणी माथ्यावरून वाहू लागले तर ते पाठीची माती धुऊन नेते. उंदीर, खेकडे किंवा झाडांची मुळे यांनी पाडलेल्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपू लागले तर ते आतून बांध पोखरते. आणि प्रवाह पायाशी घासत राहिला तर बांध आपल्याच भाराने खचतो. या तिन्ही आपत्तींची सुरुवात बारीक असते. ओंजळभर मातीने बुजणारे भोक दुर्लक्षिले तर थोड्याच दिवसांत गाडाभर मातीनेही बुजत नाही. म्हणून मातीचा बांध बांधण्यापेक्षा राखणे कठीण.

दुसरे प्रकरण उज्जयिनीच्या राजाचे आहे, स्थळ मात्र सौराष्ट्रातील गिरनारचे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उज्जयिनी ही क्षत्रप चष्टनाच्या घराण्याची राजधानी होती. ग्रीक भूगोलकार टॉलेमी यानेही तिचा उल्लेख त्याच्या राजधानीचे नगर म्हणून केला आहे. चष्टनाचा नातू महाक्षत्रप रुद्रदामन् हा या घराण्यातील सर्वांत बलाढ्य पुरुष. दक्षिणापथपती सातकर्णीस आपण दोनदा जिंकले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, अशी प्रौढी त्याने मिरविली आहे. ही प्रौढी ज्या लेखात आहे तो जुनागढजवळच्या एका प्रचंड शिळेवर कोरलेला आहे. त्याच शिळेवर अशोकाच्या चौदा धर्माज्ञा आहेत आणि स्कंदगुप्ताचाही लेख आहे. रुद्रदामनाचा लेख इ.स. १८३८ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने प्रथम वाचला. पुढे पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा व स्कंदगुप्ताचा असे दोन्ही लेख मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून विद्वानांपुढे मांडले. संस्कृत गद्यातील पहिला मोठा राजलेख म्हणून पंडित त्याचा गौरव करतात. आमच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्याच्या विषयाला. महाक्षत्रपाने हा लेख कोरविला तो एक फुटलेला बांध पुन्हा बांधल्याबद्दल.

त्या तलावाचे नाव सुदर्शन. लेखानुसार तो प्रथम निर्माण केला चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने. पुढे अशोकासाठी यवनराज तुषास्फ याने त्यास पाट काढून दिले. बांध माती व दगड यांचा होता आणि डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धा करील इतका तो घट्ट सांधलेला होता, असे लेखकार सांगतो. पाणी नेण्यासाठी पाट, जादा पाणी काढून देण्यासाठी सांडवा आणि गाळ व घाण यांसाठी उपाययोजना अशी तिहेरी व्यवस्था तेथे असल्याचाही उल्लेख आहे. आजच्या स्थापत्यशास्त्रज्ञानेही बांधाची पाहणी करताना आधी याच गोष्टी विचाराव्या.

शक ७२, म्हणजे इ.स. १५०, या वर्षी मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस अवेळी तुफान झाले. ऊर्जयत् पर्वतावरून उतरणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्या बेफाम फुगल्या. योग्य ते उपाय केले असतानाही पर्वतशिखरे, वृक्ष, तट आणि माड्या पाडणाऱ्या वाऱ्याने घुसळलेले पाणी बांध फोडून गेले. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल पडले. हात दीड फुटाचा धरला तर ही लांबी ६३० फूट होते. सर्व पाणी वाहून गेले, तलावाच्या जागी वाळवंट उरले आणि सुदर्शन हा दुर्दर्शन झाला, अशी शब्दक्रीडा लेखकाराने केली आहे.

यानंतरची हकीकत मननीय आहे. महाक्षत्रपाच्या सल्लागार व कार्यकारी अमात्यांनी हे काम हाती घेण्यास विरोध केला. ते गुणवान होते असे लेखच सांगतो. परंतु भगदाडाचा आकार पाहून त्यांचा उत्साह मावळला. बांध पुन्हा होणार नाही हे ऐकून प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा आनर्त व सुराष्ट्र या प्रांतांवर नेमलेला पहलव अधिकारी, कुलैपाचा पुत्र सुविशाख, याने ते काम पार पाडले. पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत बांध झाला. आणि यासाठी नगरांतील व खेड्यांतील प्रजेवर कर, वेठबिगार किंवा प्रणय नावाची सक्तीची देणगी यांपैकी काहीही न लादता स्वतःच्या कोशातून द्रव्य खर्चिले, असे महाक्षत्रपाने आवर्जून नमूद केले आहे.

राजाने स्वतःविषयी लिहविलेला मजकूर जसाच्या तसा स्वीकारू नये, हे इतिहासाचे पहिले सूत्र होय. परंतु अशा मजकुरातूनही सत्य डोकावते. आपण वेठ घेतली नाही असे मुद्दाम सांगावे लागते, तेव्हा इतर कामांवर वेठ घेतली जात होती हे उघड होते. फुटलेल्या बांधाचे ओझे सामान्यतः कोणाच्या पाठीवर पडत असे, हे या एका नकारातून समजते. शिवाय प्रजेच्या आक्रोशाची नोंद राजप्रशस्तीत व्हावी ही गोष्ट विरळा. ज्या काळी राजे आपले विजय तेवढे कोरवीत, त्या काळी उज्जयिनीच्या अधिपतीस एका मातीच्या बांधाची दुरुस्ती आपल्या दिग्विजयांइतकीच मिरवण्यासारखी वाटली.

सुदर्शनाची कथा येथे संपत नाही. गुप्त संवत् १३६, म्हणजे इ.स. ४५५, या वर्षी भाद्रपदात रात्रीच्या वेळी अतिवृष्टीने बांध पुन्हा फुटला. त्या वेळी स्कंदगुप्ताच्या वतीने पर्णदत्त हा सुराष्ट्राचा कारभार पाहत होता व त्याचा पुत्र चक्रपालित नगराचा अधिकारी होता. चक्रपालिताने पुढच्या वर्षी दोन महिन्यांत बांध पुन्हा उभा केला; १०० हात लांब, ६८ हात रुंद आणि ७ पुरुष उंच. त्यानंतर, गुप्त संवत् १३८ मध्ये, त्याने चक्रधारी विष्णूचे देवालय बांधविले. हा क्रम आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. आधी बांध, मग देवालय; आणि दोहोंची नोंद एकाच लेखात. चक्रपालित परम वैष्णव होता. परंतु गावकऱ्यांची शेते तहानलेली असताना देवाचे शिखर चढवावे असे त्यास वाटले नाही.

आता एक हिशेब मांडू. चंद्रगुप्त मौर्यापासून रुद्रदामनापर्यंत साडेचारशे वर्षे, आणि रुद्रदामनापासून स्कंदगुप्तापर्यंत तीनशे पाच वर्षे. या सुमारे साडेसातशे वर्षांत शिलालेखाने नोंदलेले भंग दोनच. मातीचा बांध तीनशे वर्षे आपोआप टिकत नाही. दर पावसाळ्यात कोणीतरी बिळे बुजविली असतील, सांडव्यातील गाळ उपसला असेल, ढासळलेल्या उतारावर माती चढविली असेल. त्यांचे नाव शिळेवर नाही. फुटलेला बांध पुन्हा बांधणाऱ्याची कीर्ती होते, फुटू न देणाऱ्याची होत नाही. कारण जे घडलेच नाही त्याची प्रशस्ती कोण लिहिणार? आमच्या मते सुदर्शनाच्या इतिहासातील सर्वांत मोठा अध्याय हा न लिहिलेला अध्याय होय.

प्राचीन शास्त्रकारांस मात्र या अनामिकांची जाणीव होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेतूंविषयीचे नियम आहेत. नवा तलाव वा बांध घालणाऱ्यास पाच वर्षे, मोडलेला पुन्हा बांधणाऱ्यास चार वर्षे आणि झाडोऱ्याने भरलेला साफ करणाऱ्यास तीन वर्षे करमाफी द्यावी, असे तो सांगतो. आपत्काल नसतानाही जो पाच वर्षे आपल्या बांधाचा उपयोग करीत नाही त्याची मालकी जाते. गावाने मिळून बांध घालावयाचा असता जो अंगमेहनतीस येत नाही, त्याने आपले नोकर व बैल पाठवावे, खर्चाचा वाटा द्यावा, पण लाभाचा वाटा मागू नये. राजाच्या उदारतेवर जे अवलंबून नाही, असे गावाचे सामुदायिक कर्तव्य येथे स्पष्ट दिसते.

येथे आपल्या भूमीकडे वळू. फोंडे महालातील बांदिवडे हा गाव श्रीमहालक्ष्मी व श्रीनागेश यांच्या देवस्थानांमुळे सर्वपरिचित आहे. याच गावी कोकणातील मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट मिळाला. तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात दान दिलेल्या भूमीस 'खज्जन' म्हटले आहे व खारे पाणी अडविण्यासाठी बांध घालण्याचा उल्लेख आहे. म्हणजे सौराष्ट्रात सुदर्शन तलाव दुरुस्त होत होता त्याच्या आसपासच्या काळात आमचे पूर्वजही मातीने समुद्राशी करार करीत होते.

खाजनाची रचना गोमंतकीयांस सांगावयास नको. परंतु मुंबई, पुणे येथे वाढलेल्या पिढीसाठी दोन शब्द लिहितो. मांडवी व जुवारी यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पाण्याखाली जाते. तेथे चिखल, गवत व जांभा दगड यांचे बांध घालून खारे पाणी बाहेर राखले जाते. बांधात ठिकठिकाणी 'मानस' असते. त्याची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. ओहोटी लागली म्हणजे आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतात साठलेले पावसाचे पाणी नदीत उतरते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मीठ धुऊन गेले की खारटपणा सोसणारे कोरगुट भात पेरावयाचे. भरती आणि पूर या दोहोंशी एकाच यंत्राने, तेही कोणत्याही इंधनाशिवाय, लढण्याची ही युक्ती आमच्या पूर्वजांची खरी विद्या होय. गोव्यात अशी खाजने सुमारे साडेसतरा हजार हेक्टर आहेत असे मानले जाते.

हे बांध कोणा महाक्षत्रपाने राखले नाहीत. ते राखले गावकारीने. इ.स. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने गावकारीचे रीतिरिवाज लिहून काढले, ते तिसवाडीतील गावांच्या जुन्या व्यवस्थेचा पुरावा म्हणून आजही पाहिले जातात. जमीन गावाची, बांध गावाचा, मानशीतील मासळीचा लिलाव गावाचा आणि त्या उत्पन्नातून देवाची पूजाअर्चाही गावाची, अशी ती घडण होती. देवालय आणि बांध ही एकाच घराची दोन दालने होती. सोळाव्या शतकात देवालये पाडली गेली. जुवारीकाठच्या कुशस्थळीहून श्रीमंगेश इ.स. १५६० मध्ये प्रियोळास आला, आणि इतर दैवतेही अंत्रुजात स्थलांतरित झाली. देव गेले, परंतु बांध जागच्या जागी राहिले. ज्यांनी धर्म बदलला आणि ज्यांनी बदलला नाही, त्या दोघांनीही ते राखले. कारण भरती कोणाचा धर्म विचारीत नाही.

आज या बांधांची स्थिती चिंताजनक आहे. गावकारीचे अधिकार पोर्तुगीज अमदानीतच क्षीण होत गेले. मुक्तीनंतर इ.स. १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळाली. हा बदल न्यायाचा होता, यात शंका नाही. परंतु जमीन वाटली गेली तशी बांधाची जबाबदारी वाटता आली नाही. ती कुळांच्या संघटनांकडे व सरकारी खात्यांकडे गेली आणि अनेक गावी निराधार झाली. शेती परवडेनाशी झाली तशी शेतावर जाणारी पावले थांबली; पावले थांबली तसे खेकड्यांच्या बिळांकडे पाहणारे डोळेही नाहीसे झाले. काही ठिकाणी मासळीच्या लोभाने मानशी उघड्या ठेवल्याच्या तक्रारी झाल्या. नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी पायथे झिजविले. त्यात समुद्राची पातळी वाढत आहे. एकदा बांध फुटून खारे पाणी आत शिरले म्हणजे जमिनीतील मीठ धुऊन जाण्यास पावसाळ्यामागून पावसाळे जावे लागतात; तोवर तेथे कांदळवन वाढते आणि शेत परत मिळण्याची आशा सुटते.

रुद्रदामनाच्या अमात्यांप्रमाणे आजही पुष्कळ गुणवान माणसे म्हणतील की भगदाड फार मोठे आहे, हे काम होण्यासारखे नाही. त्यांचा हिशेब चुकीचाच असेल असे आम्ही म्हणत नाही. भातशेतीचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च यांचा मेळ अनेक ठिकाणी खरोखरच बसत नाही. परंतु बांधाने राखलेले केवळ भात नसते. त्यामागे विहिरींचे गोडे पाणी असते, घरांची जोती असतात, आणि पुष्कळ गावी ग्रामदेवतेचे अंगणही असते. हा हिशेब सुराष्ट्रातील प्रजेने आक्रोशाने मांडला होता. तो आज आपण शांतपणे मांडू शकतो.

आमच्या धर्मशास्त्राने इष्ट आणि पूर्त अशी दोन कर्मे सांगितली आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, बारव, तलाव, उद्यान, अन्नदान आणि देवतायतन हे पूर्त. म्हणजे तलाव आणि देवालय ही शास्त्राने एकाच पंक्तीत बसविली आहेत, आणि 'जीर्णोद्धार' हा शब्दही दोहोंस सारखाच लागतो. अलीकडे आपल्या देवस्थानांचे जीर्णोद्धार मोठ्या वैभवाने झाले, याचा आम्हांस आनंद आहे. रामचंद्रबाबांच्या परंपरेस ते साजेसेच आहे. आमची विनंती एवढीच की देवस्थान समित्यांनी आपल्या वार्षिक सभेत मूळ गावच्या बांधाचाही एक विषय घ्यावा. आपले दैवत ज्या गावाहून आले त्या गावच्या मानशीची झडप आज मिटते काय, हे एकदा जाऊन पाहावे. पालखीसाठी शंभर खांदे मिळतात. पावसाळ्यापूर्वी दोन दिवस बांधावर माती चढविण्यास त्यांपैकी वीस मिळाले तरी पुष्कळ. जातपात आणि धर्म न पाहता गावातील जो कोणी येईल त्यास सोबत घ्यावे, कारण बांधाची रीत पूर्वापार हीच आहे.

गिरनारचा सुदर्शन तलाव आज उरलेला नाही. उरली आहे ती त्याची कथा सांगणारी शिळा. गढकालिकेजवळील मातीच्या तटाचे केवळ अवशेष आहेत. ज्या क्षिप्रेच्या पुराशी तो झुंजला, त्या क्षिप्रेत इ.स. २०१४ पासून नर्मदेचे पाणी आणून सोडावे लागत आहे. २०२८ च्या सिंहस्थास आमच्यापैकी अनेक जण उज्जयिनीस जातील, महाकालाचे दर्शन घेतील. त्यांनी थोडी वाट वाकडी करून गढकालिकेच्या उंचवट्यापर्यंतही जावे. पायाखालची ती माती हातांनी चोपलेली आहे. आपल्या खाजनांचे बांध अजून शिलालेखाच्या अवस्थेस पोहोचलेले नाहीत. ते जिवंत आहेत, आणि त्यांना यंदाच्या पावसाळ्यापूर्वी माती हवी आहे.